चार पानांतलं दीड पान

साउथहॅम्प्टनात मराठी आवाज एकच, आणि तो शशीचा. असं शशी स्वतः सांगायचा, पण खोटं नव्हतं ते. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असा आवाज देवाने त्याला दिला होता. शाळेने मात्र काही दिलं नव्हतं. रत्नागिरीला दहावीत दोनदा आपटला, मग बोटीवर गेला, क्रूझच्या लाँड्रीत चादरींच्या वाफेत सात वर्षं काढली आणि एकदा ह्या बंदरावर उतरला तो नीनाशी लग्न करूनच राहिला. नीना लंडनजवळच्या स्लाऊची, तिथेच जन्मलेली. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "शिक्षण काय?" शशीने सांगितलं, "बावीस देश." वडील हसले आणि मुलगी देऊन मोकळे झाले.

नंतर तो बसवर लागला. अठ्ठावीस वर्षं स्टेअरिंगवर, गाडीला ओरखडा नाही. डेपोत त्याच्या नावाचा बिल्ला आहे, जाऊन बघा. स्टॉपवर कुणी हात दाखवला आणि शशीने गाडी पुढे काढली, असं एकदाही झालेलं नाही. पाऊस असो, बर्फ असो, म्हातारी लांबून काठी हलवत येत असो, शशी थांबणार. ही गोष्ट तो पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगायचा. दुसऱ्या चहाबरोबर बहिणीची सांगायचा.

बहीण म्हणजे आसावरी. त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. लहानपणी शशीने तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या, बोटीवरून तिच्यासाठी घड्याळ पाठवलं, नर्सिंगला मिरजेला घातली तीही ह्यानेच. तिचं लग्न दिनकरशी झालं. दिनकर फौजेत ड्रायव्हर. सव्वा वर्षात वरदा झाली, आणि वरदा पुरती बसायलाही लागली नव्हती तेव्हा दिनकर गेला. दोन हजार दोन साल. फौजा सीमेवर नेऊन उभ्या केल्या होत्या, त्या वर्षी.

दोन वर्षांनी इथल्या हॉस्पिटलात नर्सची भरती निघाली आणि आसावरी अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन शशीच्या बॉक्सरूममध्ये येऊन राहिली. त्या खोलीत एक पलंग टाकला की दार अर्धंच उघडायचं. पण शशीने जगाला सांगितलं, "माझ्या घरी वीरपत्नी राहते."

ह्यातूनच सगळं झालं.

पहिल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात कुणीतरी विचारलं, "शशीदादा, मेव्हणे कसे गेले हो?" शशीने तोंड उघडलं आणि गोळी बाहेर आली. एकच गोळी. आसावरी तिथेच मोदकांची ताटं लावत होती. तिने ऐकलं, वर बघितलं, आणि परत ताटं लावायला लागली. भावाच्या घरात राहून भावाला चारचौघांत खोटं कसं पाडणार? पुढच्या वर्षी गोळ्या तीन झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी झेंडा आला. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आणि मोठी झाल्यावर वरदाला. दिनकर बटाट्याची पोती भरलेला ट्रक घेऊन घाट चढत होता. ट्रक दरीत गेला. त्या महिन्यात त्या भागात कुणी गोळी झाडलीही नव्हती.

शशीला त्या दरीची लाज वाटायची. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हर गाडीसकट खाली जातो म्हणजे काय, हे ड्रायव्हरलाच कळतं. डेपोत कुणाचा अपघात झाला की सगळे आधी काय म्हणतात? डुलकी लागली असेल. फोन बघत असेल. प्यायला असेल. आपल्या मेव्हण्याबद्दल, आपल्या आसूच्या नवऱ्याबद्दल, असं कुणी म्हणायचं नाही. म्हणून गोळी बरी होती.

मग दर सव्वीस जानेवारीला सागरतीर मंडळ आसावरीला स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसवायचं. शाल, नारळ, टाळ्या. गोष्ट शशी सांगायचा. आसावरी नमस्कार करून उतरायची. पुढे मायलेकी वेगळ्या घरात राहायला गेल्या तरी हे चालूच राहिलं. तिच्या कपाटात एकवीस शाली झाल्या, एकाचीही कधी घडी मोडली नाही.

मंडळात अजून एक रीत होती, ती सांगायला हवी. फार पूर्वी, नवीन आलेल्या बायका माइक हातात घ्यायला लाजायच्या, तेव्हा कुणीतरी बिस्किटांचा रिकामा डबा फिरवायला सुरुवात केली. बायकांनी आपलं म्हणणं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं आणि शशीने वाचायचं. हॉल लहान होता, आवाज मोठा होता, सगळ्यांची सोय झाली. आता त्याच बायका कन्सल्टंट झाल्या, कौन्सिलात अधिकारी झाल्या, आपापल्या ऑफिसात पन्नास माणसांना कामाला लावतात. पण मंडळात वादाचा विषय निघाला की हात आपोआप पर्समधल्या पेनाकडे जातो. "बायकांचा आवाज म्हणजे शशीदादाचा आवाज," असा विनोद दरवर्षी कुणीतरी करायचं, आणि शशी दरवर्षी छाती फुगवून हसायचा.

गेल्या मे महिन्यात तिकडे भारत-पाकिस्तान सीमेवर चार दिवस ड्रोन आणि मिसाइलं उडाली. इकडे फोनवर लोक एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते, खरे कोणते, खोटे कोणते, काही कळत नव्हतं. आसावरीच्या वॉर्डात रुखसाना नावाची नर्स होती, मूळची पाकिस्तानकडच्या मीरपूरची. अकरा वर्षं दोघी एकाच टेबलावर डबा खायच्या. आसावरीची भाकरी रुखसाना खायची, रुखसानाचं लोणचं आसावरी. त्या चार दिवसांत दोघी समोरासमोर बसायच्या आणि आपापल्या फोनकडे बघायच्या. रुखसानाची मावशी बॉर्डरजवळच्या गावात होती, फोन लागत नव्हता. चौथ्या दिवशी लागला, तेव्हा रुखसाना रडली आणि आसावरीने तिची ड्यूटी उचलली.

पुढच्या आठवड्यात रुखसाना म्हणाली की शहरातल्या काही बायका मिळून पुढच्या गुरुवारी सभा घेतायत. इथल्या पोरांनी रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून एक पत्रक वाचायचं, आणि स्टेजवर फक्त बायका बोलणार, प्रत्येक मंडळाची एक. "तू ये. तुझ्याइतकं ह्यातलं कुणाला माहीत आहे?"

आसावरी हो म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी गोष्ट ऐकायला नाही, सांगायला बोलावलं होतं. पण मंडळाच्या नावाने जायचं तर मंडळाची परवानगी हवी. रविवारी दुपारी बैठक ठरली. पत्रकावर सही करायची का, आणि आसावरीला पाठवायचं का.

बैठकीच्या आधी, हॉलच्या स्वयंपाकघरात, चहाचं पातेलं उकळत असताना आसावरीने शशीच्या हातात घडी घातलेले कागद दिले. चिठ्ठी नव्हती ती. चार पानं होती, दोन्ही बाजूंनी नाही, पण बारीक अक्षरात.

"दादा, डब्यात टाकत नाही. तुझ्या हातात देते. आधी एकदा वाचून घे."

"मला काय परीक्षा आहे?" शशी म्हणाला. "मी आयुष्यात काही आधी वाचून वाचलं नाही. त्या पूजेला पोथीची पानं उलटीपालटी झाली होती, अडखळलो का?"

"ह्या वेळी वाच. मी थांबते इथे."

"आसू, बाहेर सत्तर माणसं बसलीयत. हा आवाज कोणासाठी आहे?"

"मी स्वतःच बोलणार होते," आसावरी हळू म्हणाली. "काल घरी वरदासमोर म्हणून बघितलं. दोन ओळींच्या पुढे जातच नाही, गळा भरतो. गुरुवारपर्यंत जमेल. आज तू वाच. पण जसंच्या तसं."

"काना-मात्रा हलणार नाही," शशी म्हणाला आणि कागद खिशात घालून बाहेर गेला.

हॉल गरम झाला होता. अध्यक्ष समर, भूलतज्ज्ञ डॉक्टर, चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने विषय मांडला. पाच-सहा पुरुष बोलले. एक म्हणाला शांतता त्यांनी आधी शिकावी. एक म्हणाला आपण इथे राहतो, शेजारी तेच आहेत, दुकानात तोंड दाखवायचं असतं. डबा फिरला, चिठ्ठ्या आल्या. शशीने वाचल्या, काही इकडच्या, काही तिकडच्या. मग त्याने खिशातून चार पानं काढली आणि सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

"आता," तो म्हणाला, "जिला बोलायचा खरा हक्क आहे, ती बोलणार."

तिसऱ्या रांगेत आसावरी आणि तिच्या शेजारी वरदा.

शशीने वाचायला घेतलं. "मंडळाला नमस्कार. एकवीस वर्षं तुम्ही मला पुढच्या खुर्चीत बसवता. शाल देता, नारळ देता. ह्या परदेशात तुम्ही मला एकटं पडू दिलं नाहीत, हे मी विसरणार नाही. पण आसावरी, तुझं काय म्हणणं आहे, हे मला कुणी कधी विचारलं नाही. आज मी न विचारता सांगते."

कुणीतरी "वा" म्हणालं. शशीला बरं वाटलं. काय लिहिते माझी बहीण! पहिलं पान संपलं, दुसरं आलं. "दिनकर फौजेत गेला तेव्हा त्याला फक्त गाडी चालवायची होती. तो गाणी म्हणत गाडी चालवायचा. ते साल लढाईचं नव्हतंच. फौजा दहा महिने समोरासमोर उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. दिनकर परत आला नाही. त्याला..."

पुढची ओळ शशीला दिसली. त्याला गोळी लागली नाही.

वाचणाऱ्या माणसाचा डोळा जिभेच्या थोडा पुढे असतो. शशीला खालचे शब्दही दिसले. ट्रक. बटाटे. दरी. त्या एका क्षणात त्याला सत्तर तोंडं दिसली, ज्यांनी एकवीस वर्षं त्याच्या गोष्टीवर टाळ्या वाजवल्या होत्या. डेपो दिसला. आणि जीभ थांबली नाही. हीच तर त्याची ख्याती होती, की जीभ थांबत नाही.

"त्याला तीन गोळ्या लागल्या," शशीने वाचलं. "छातीवर. तरी त्याने मागे पाऊल घेतलं नाही."

गोष्ट एकदा त्या वळणाला लागली की पुढचा रस्ता त्याला तोंडपाठ होता. झेंडा आला. बर्फ आला. आणि मग गोष्टीला शेवट हवा, हॉल तर श्वास धरून बसलेला, म्हणून शेवटही आला. "ज्यांनी माझं कपाळ पांढरं केलं, त्यांच्याबरोबर मी एका कागदावर सही करणार नाही!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. लोक उभे राहिले.

त्या गर्दीत शशीला आसावरीचा हात दिसला. तिने हात आडवा पुढे धरला होता, स्टॉपवरचं माणूस बसला दाखवतं तसा. शशीने बघितलं. आणि गाडी पुढे काढली. "बोला, भारत माता की..."

वरदा उभी राहिली. "मामा, ते तसा नाही लिहिला! आई ते नाही लिहिली! तू चुकीचा वाचतोय!"

वरदाचं मराठी ऐकून नेहमीसारखे दोघं-तिघं हसले. समर प्रेमाने म्हणाला, "वरदा, बेटा, बस. तुला काही म्हणायचं असेल तर चिठ्ठी टाक डब्यात."

"नको मला डबा! शी इज राइट हिअर! आईलाच विचारा ना!"

आसावरी उभी राहिली. "ते माझं..." एवढंच बोलली आणि गळा भरला. तिला वाटलं होतं तसंच झालं. आजूबाजूच्या बायकांनी तिला मिठीत घेतलं, खाली बसवलं, पाठीवर हात फिरवला. "रडू दे गं, रडू दे तिला. एवढ्या वर्षांचं साठलंय." कुणीतरी पाणी दिलं. त्या मायेच्या खाली ती पार दडपून गेली. तेवढ्यात समरने हात वर करायला सांगितले. सही करायची नाही, आणि कुणाला पाठवायचंही नाही. ठराव पास.

कार पार्कमध्ये ती गाडीला टेकून उभी होती.

"किती वाचलंस?" तिने विचारलं.

"अगं, लोक उभे राहिले..."

"दादा. पानं किती वाचलीस?"

"दीड."

"आणि बाकीचं?"

शशीचा आवाज चढला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. "तुझ्यासाठी केलं! ड्रायव्हर दरीत गेला म्हटलं की लोक काय म्हणतात, ठाऊक आहे तुला? मी अठ्ठावीस वर्षं ऐकतोय. प्यायला असेल म्हणतात!"

"म्हणू देत. ब्रेक गेले होते. लेखी आहे माझ्याकडे. दुसऱ्या पानावर खाली तेच लिहिलं होतं." आसावरीचा गळा आता कोरडा होता. "दादा, मी बोलले असते तर अडखळले असते. रडले असते. लोकांना अर्धं कळलं नसतं. पण ते माझं झालं असतं."

वरदाने गाडी सुरू केली. शशीच्या खिशात चारही पानं तशीच राहिली.

संध्याकाळी समरने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: वीरपत्नी आसावरीताईंचा ठाम विरोध, सभेत सर्वांचे डोळे पाणावले. खाली शंभर हात जोडलेले. तिथून ते कुठे कुठे गेलं. साउथहॅम्प्टन मोठं शहर आहे, पण आपल्या लोकांसाठी नाही. मंगळवारी दुपारी आसावरी डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेली तर रुखसाना खिडकीजवळच्या टेबलावर एकटी बसली होती. वर न बघता म्हणाली, "माझ्याबरोबर एका कागदावर नको असेल तर तोंडावर सांगायचं होतंस." आसावरीने सांगितलं की मी तसं लिहिलंच नव्हतं. रुखसाना म्हणाली, "मग काय लिहिलं होतंस, दाखव." दाखवायला कागद कुठे होते?

हे नीनाला बुधवारी वरदाकडून फोनवर कळलं. नीना स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, द्या ना ते कागद तिला."

"देईन."

"तीन दिवस झाले. वाचलेत तरी का पुढचे?"

"वाचायचं काय त्यात? माहीत आहे मला."

"काय आहे?"

"माझ्याविरुद्ध असणार," शशी म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. वरदाचे मेसेज येत होते, मामा पेपर दे, मामा प्लीज, आणि तो आणतो, आणतो असं लिहीत होता. कागद त्याच्या नेहमीच्या कोटातच होते. रूटवर असताना खिशात सळसळायचे. त्याने ते काढले नाहीत. त्या आठवड्यात त्याने दोन स्टॉप चुकवले.

गुरुवारी त्याने शिफ्ट बदलून घेतली. आसावरी मंडळाशिवाय, एकटीच जाणार होती. रुखसानाने कोरडा निरोप दिला होता, खुर्ची आहे, यायचं तर ये. शशीने ठरवलं, तिथे जायचं, कागद तिच्या हातात द्यायचे, आणि लागलंच तर उठून सांगायचं. आवाज आहेच.

सहा वाजले होते, बाहेर लख्ख उजेड होता. चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं. तो पोहोचला तेव्हा आसावरी स्टेजवर चढलीसुद्धा होती. दारातल्या बाईने त्याच्या हातात एक कोरं कार्ड आणि पेन्सिल दिली. तो मागे बसला. स्टेजवर पाच बायका. आसावरीच्या आणि रुखसानाच्या मध्ये पाण्याचा जग ठेवलेलं टेबल होतं.

आसावरी उठली. वॉर्डातल्या इंग्रजीत बोलली, पेशंटला समजावतात तशी, छोटी छोटी वाक्यं. माझा नवरा ड्रायव्हर होता. तो बटाटे घेऊन चालला होता. ट्रकचे ब्रेक गेले. त्या वर्षी लढाई झाली नाही, तरी तो मेला, आणि त्याच्यासारखे पुष्कळ मेले. टीव्हीवर लढा म्हणणारे लोक बटाट्याचा ट्रक मोजत नाहीत. मला एकवीस शाली मिळाल्या. माइक आज मिळाला. मध्ये दोनदा थांबली, हातांनी टेबलाची कड धरली. एकदा एक मिनिटभर गप्पच उभी राहिली, आणि लोक थांबले. मग पुढे बोलली.

शशी खुर्चीत पुढे सरकला. माझी बहीण! उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण!

प्रश्न कार्डावर लिहून द्यायचे होते. पांढऱ्या केसांची इंग्रज बाई अध्यक्ष होती, ती एकेक वाचत होती. एका कार्डावर लिहिलं होतं: रविवारी तुमच्या मंडळाने तुमच्या नावाने ह्याच्या अगदी उलट जाहीर केलं. ह्यातलं खरं कोणतं?

हॉलमध्ये कुजबुज झाली. रुखसानाने आसावरीकडे बघितलं. आसावरीने खाली लोकांकडे बघितलं, आणि तिला शेवटच्या रांगेत शशी दिसला. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रविवारी चूक झाली," ती म्हणाली.

"कोणाची?" पुढून एक माणूस म्हणाला.

तिने नाव घेतलं नाही. तो माणूस खुर्चीत मागे टेकला आणि शेजारच्याकडे बघून हसला. बघा, म्हणजे हे असं.

शशी उभा राहिला. "एक्स्क्यूज मी!" सगळ्या माना वळल्या, त्या आवाजाला वळणारच. अध्यक्षबाई अगदी गोड हसली. सॉरी सर, आज इथे फक्त ह्या बायका बोलणार, तुमचं म्हणणं कार्डावर लिहून द्या ना प्लीज.

शशी खाली बसला. पेन्सिल हातात घेतली. घरचे सगळे फॉर्म नीना भरायची, सही तेवढी त्याची. कार्ड गुडघ्यावर ठेवून त्याने एकेक अक्षर काढलं. मी भाऊ. रविवारी मी चुकीचं वाचलं. ती खरी आहे. एवढी तीन वाक्यं इंग्रजीत लिहायला त्याला अपघाताचा रिपोर्ट लिहायला लागला असता त्याहून जास्त वेळ लागला. कार्ड हातोहात पुढे गेलं.

अध्यक्षबाईने घड्याळ बघितलं. हातात अजून गठ्ठा होता. ती वरवर नजर टाकून एकेका ओळीत सांगायला लागली, कुणी आभार मानलेत, कुणी पुढची सभा कधी विचारलंय. मग शशीचं कार्ड आलं. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आणि हे तर आसावरीच्या भावाकडून! त्यांना बहिणीचा किती अभिमान आहे बघा. हाउ लव्हली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. दोघांनी मागे वळून शशीला अंगठा दाखवला. शशी तोंड उघडं टाकून बसला होता. नाही, तसं नाही लिहिलं, जसंच्या तसं वाचा ना, हे त्याच्या घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

स्टेजवर आसावरीने डोळे मिटून घेतले. इथेही दादाने आपलं नाव घालूनच सोडलं, हे तिच्या चेहऱ्यावर त्याला शेवटच्या रांगेतून वाचता आलं. रुखसानाने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तेवढंच.

सभा संपल्यावर तो गर्दीतून पुढे गेला. वरदा आडवी आली.

"मामा, इथे पण? इथे पण तूच?"

"वरदा, ते कार्ड बघ, मी लिहिलं होतं..."

"आईला आता काही नको ऐकायचा. जाऊ दे आम्हाला."

आसावरी त्याच्याजवळून गेली. थांबली नाही, पण जाता जाता त्याच्या कोटाची मुडपलेली कॉलर तिने सरळ केली, सवयीने. आणि दोघी बाहेर पडल्या.

कार्डं कुठे गेली ते त्याने अध्यक्षबाईला विचारलं. तिने रिसायकलिंगच्या पेटीकडे बोट दाखवलं. ती बंद झाली होती.

शशी बसस्टॉपवर येऊन बसला. अजून उजेड होता. त्याने खिशातून चार पानं काढली, रविवारपासून पहिल्यांदा. दुसऱ्या पानाच्या अर्ध्यापासून वाचायला लागला. ब्रेक होते. बटाटे होते. रुखसानाची मावशी होती. तो आपल्याविरुद्धचा मजकूर शोधत होता. तो नव्हताच कुठे.

तिसऱ्या पानाच्या शेवटी, ट्रकचं सगळं सांगून झाल्यावर, आसावरीने कंसात एक ओळ लिहिली होती, नाटकाच्या वहीत लिहितात तशी. (इथे माझा दादा थांबेल. हे वाचणं त्याला जड जाईल. त्याला घाई करू नका, कुणीतरी पाणी द्या.)

बस आली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने दार उघडून हाक मारली. शशीने हात दाखवला नाही.